पाठमोऱ्या दगडाला तेल

एका राज्यात एक बाई खरं बोलली, आणि अख्ख्या गावानं तिला खुळ्यात काढलं. बाईचं नाव कोंडाबाई. ती म्हणाली, "वेशीवरचा वीराचा दगड माझ्याशी बोलला." पाटील हसला, पाटलीण हसली, पाणवठ्यावरच्या बाया घागरी खाली ठेवून हसल्या. पुजारी तेवढा हसला नाही. तो म्हणाला, "ऊन लागलंय हिला. टाळूवर कांदा ठेचून बांधा."

घ्या! दगड बोलला हे खोटं, आणि टाळूवर कांदा बांधला की बाई शहाणी होते हे खरं!

बरं, ते राज्यही असलं तसलं नव्हतं. तिथं पक्षी बोलत, मांत्रिक भर बाजारात टोपलीतून वारा विकत, आणि वडाला राग आला तर तो चार पावलं सरकून दुसऱ्याच्या शेतात उभा राही. तिथं एक दगड बोलला तर नवल ते काय? पण तो बोलला एका विधवेशी, हे लोकांना खपेना. बोलायचंच होतं तर पाटलाशी बोलला असता, म्हणे.

त्या गावाच्या वेशीवर दोन दगड होते. उजवीकडचा वीर केसरदेवाचा. छाती पुढे, हातात तलवार, पायाखाली मेलेला साप. डावीकडचा म्हादू पळपुट्याचा. त्याची नुसती पाठ कोरलेली. राज्याची रीतच होती तशी. जो छाती पुढं करून लढला त्याचा दगड समोरून कोरायचा, आणि जो पळाला त्याचा पाठमोरा. वीराला दर वर्षी तेल आणि शेंदूर, पळपुट्याला येताजाता एक धोंडा आणि एक शिवी. पोर पहिलं पाऊल टाकायला लागलं की त्याच्या मुठीत खडा देत आणि सांगत, "मार म्हादूला."

गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. पणज्यांच्या काळी डोंगराएवढा काळा साप गावावर चालून आला. तेव्हाच्या राजानं, ज्यांना सगळे थोरले महाराज म्हणत, दोन शिपाई पाठवले. म्हादूनं सापाला पाहिलं आणि पाठ फिरवून पळाला. केसरदेव ठाम राहिला आणि एकट्यानं त्यानं सापाला मारलं. झालं. एवढीच गोष्ट, आणि तेवढ्यावर पिढ्या जगल्या.

वीराला शेंदूर लावायचा मान कोंडाबाईच्या घराकडे होता. त्या वर्षी तिनं वाटीत बोट बुडवलं, दगडाच्या कपाळाला टेकवलं, आणि दगड कण्हला.

"कोंडाबाई, शेंदूर नको गं. भाजतो."

कोंडाबाई दचकली, पण मागे सरली नाही. म्हणाली, "इतकी वर्षं लावतेय. आजच भाजला?"

"रोज भाजतो. आज तोंड उघडलं, कारण बोलावणं तुझ्या घरी गेलंय."

हे ऐकलं आणि कोंडाबाईच्या हातातली वाटी गळून पडली. कारण बोलावणं म्हणजे काय, ते त्या राज्यात कोण जाणत नव्हतं? दर वर्षी वीराच्या दिवशी राज्यातलं एक माणूस पायाकडून दगड होऊ लागे. आधी बोटं, मग पोटऱ्या, मग कंबर. अमावास्येला ओठ. लोक म्हणत, वीरानं चाकरीला बोलावलं, केवढं भाग्य! त्या घराला तोरण बांधत, दारात ढोल वाजवत.

कोंडाबाई धावत घरी आली. तिची सून राही चुलीपुढे उभी होती, आणि उभीच होती.

"आत्याबाई," राही म्हणाली, "पाय उचलत नाहीत. भाकरी करपतेय, तेवढी उलटा."

कोंडाबाईनं खाली पाहिलं. सुनेच्या पायाची बोटं करडी पडली होती. जोडव्यांसकट.

आता या दोघींचं सांगायला हवं. सकाळी उठून भांडायच्या आणि दिवेलागणीला तेच भांडण पुरं करायच्या. मीठ जास्त, मीठ कमी, शेळी कुणी सोडली, दार कुणी लावलं. पण कोंडाबाईचा लेक पुरात गेला, तेव्हा राहीचा बाप तिला न्यायला आला होता. राही त्याला म्हणाली, "मी आले तर या म्हातारीला तोंडावर उत्तर कोण देईल? घुसमटून मरेल ती." आणि राहिली. पुढं कोंडाबाईला देवी आल्या. अंगभर फोड, डोळे मिटलेले, वाऱ्यालाही कुणी उभं राहीना. राही कडुलिंबाचा डहाळा घेऊन उशाशी बसली, ती कोंडाबाईनं डोळे उघडून "पाणी गार नाही" म्हणेपर्यंत उठली नाही. कोंडाबाई हे कधी बोलली नाही, पण विसरलीही नाही.

आणि आता दारात ढोल आला. वाजवणारा भिका दणादण टिपऱ्या मारत होता, मागे पाटील तोरण घेऊन उभा.

"कोंडाबाई, भाग्य उजळलं तुझं!"

"एवढं उजळलं असेल तर तुझ्या घरी घेऊन जा," कोंडाबाई म्हणाली. तिनं तोरण चुलीत घातलं आणि ढोलावर पाण्याची घागर उपडी केली.

मग ती परत वेशीवर गेली. कमरेला पदर खोचून दगडापुढे उभी राहिली. "बोल. काय केलं की माझी सून सुटेल?"

दगड म्हणाला, "माझं तोंड मंत्रानं बांधलंय. एवढंच बोलता येतं. खरं काय घडलं ते माळावरच्या टिटवीनं पाहिलं. म्हादूची हाडं काळदरीत आहेत, ती आण. आणि एक नाव राजाच्या कानात आहे, ते सर्वांसमक्ष त्याच्या तोंडून वदवून घे. तुझी सून सुटेल. मीही सुटेन."

कोंडाबाईनं हे गावाला सांगितलं आणि मघा सांगितलं तसं हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. पाटलीण म्हणाली, "सासू सुनेसाठी काळदरीत उतरणार? कोंडाबाई, तुला तर बरंच झालं की. सून दगड झाली म्हणजे उलटून बोलायची नाही."

"उलटून बोलायलाच हवी ती मला," कोंडाबाई म्हणाली. "तुझ्याशी बोलून का जिभेला धार येणार आहे?"

आणि ती निघाली.

माळावर टिटवी उताणी निजली होती. दोन्ही पाय वर. सगळ्यांना ठाऊकच आहे, टिटवी पायांवर आभाळ तोलून धरते. ती ओरडली की लोक अशुभ म्हणून थुंकतात, आणि आभाळ अजून पडलं नाही म्हणून तिचे आभार मानायला कुणी जात नाही.

कोंडाबाई म्हणाली, "टिटवीबाई, सापाच्या दिवशी काय घडलं ते सांग."

टिटवी म्हणाली, "सांगेन. पण सांगायचं तर उठून बसायला हवं. आभाळ कोण धरील?"

कोंडाबाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. माळावर कुणी नव्हतं. तिनं लुगडं घोट्याशी घट्ट आवळलं, गवतात पाठ टेकली आणि पाय वर केले. आभाळ तिच्या तळव्यांवर आलं. ते जड नव्हतं, पण गार आणि ओलं होतं, आणि मधूनच त्यात काहीतरी गुरगुरत होतं.

"लवकर सांग," ती म्हणाली. "माझ्या गुडघ्यात वात आहे."

टिटवीनं पंख झाडले. "साप आला तेव्हा गाव जेवायला बसलं होतं. सापाची रीत अशी, की जे पळतं त्याच्यामागे तो जातो. जे उभं राहतं त्याला जागीच गिळतो आणि मग शेजारी बघतो. केसरदेवानं सापाला पाहिलं आणि तो धान्याच्या पेवात उडी मारून लपला. म्हादूनं पाहिलं, गावाकडं पाहिलं, आणि पळाला. गावाकडं नाही, काळदरीकडं. ओरडत, शेला हलवत पळाला. साप गाव सोडून त्याच्यामागे गेला. दोघंही दरीत पडले. कोणी वर आलं नाही."

कोंडाबाईच्या तळव्यांवरचं आभाळ हललं. "आणि केसरदेव?"

"तो पेवातून बाहेर आला आणि थेट थोरल्या महाराजांकडे गेला. पायावर डोकं ठेवून म्हणाला, मी भ्यालो, मी लपलो, गाव म्हादूनं वाचवलं. थोरले महाराज म्हणाले, पळून गाव वाचतं असं लोकांना कळलं, तर उद्या माझ्या लढायांत मरायला कोण उभं राहील? त्यांनी बकऱ्याच्या रक्तात तलवार बुडवून केसरदेवाच्या हातात दिली आणि मांत्रिकाकडून त्याचं तोंड बांधून घेतलं. मांत्रिक म्हणाला, महाराज, खोटं जितं ठेवायचं तर त्याला दर वर्षी एक जितं माणूस लागेल. महाराज म्हणाले, लागू दे."

"हे तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"रोज ओरडून सांगते," टिटवी म्हणाली. "लोक थुंकतात."

कोंडाबाईला कांदा आठवला. टिटवी परत उताणी झाली, आभाळ तिच्या पायांवर गेलं. कोंडाबाई उठली, हात जोडले आणि म्हणाली, "बाई, आजवर माझ्या डोक्यावर आभाळ पडलं नाही, ते तुझ्यामुळं. कुणी म्हटलं नसेल, म्हणून मी म्हणते."

टिटवी रडली की ओरडली, ते कळलं नाही. त्या पक्ष्याचं तसंच असतं.

मग कोंडाबाई काळदरीत उतरली. पारंब्या धरून, घसरत, शिव्या देत. खाली सापाचा सांगाडा पडला होता, देवळाच्या कमानींसारख्या बरगड्या, आणि बरगड्यांच्या आत सापानं पोटात राखलेलं धन. मोहरांच्या राशी, हिऱ्यांचे हार. धनाभोवती माणसांएवढे दगड उभे होते, कुणाचे हात पुढे, कुणाची ओंजळ पसरलेली. त्या धनाला शाप होता. ज्यासाठी आलात ते सोडून दुसऱ्याला हात लावलात, की तिथंच उभे.

धन बोलू लागलं. धन नेहमी गोडच बोलतं.

एक पाटली म्हणाली, "कोंडाबाई, मला घे. सुनेच्या हातात शोभेन."

"सून माझी दगड होतेय. दगडाला का पाटली चढवू?"

एक हार म्हणाला, "मला घे. राजाला नजर कर. तो तुझं ऐकेल."

"नजराणा देऊन ऐकलेलं खरं, ते खरं राहत नाही."

मग राशीतून हळूच एक आवाज आला. तो तिच्या मेलेल्या लेकाचा होता. "आई, मी इथं खाली आहे. मोहरा बाजूला कर, मला वर काढ."

कोंडाबाईचा हात पुढे गेला. बोटं मोहरांपासून वीतभर राहिली. मग ती तिथंच खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. रडून झाल्यावर पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "माझा लेक मला कधी आई म्हणत नसे. 'अगं म्हातारे' म्हणायचा. मेल्या धना, तुला त्याचा आवाज ठाऊक, पण माया ठाऊक नाही."

धन गप्प झालं.

राशीच्या पलीकडे म्हादूची हाडं होती. शेजारी विटलेला शेला. आणि पाठीच्या कण्यात सापाचा दात रुतलेला, खुरप्याएवढा. कोंडाबाईनं सगळी हाडं शेल्यात बांधली आणि गाठोडं पाठीवर घेतलं. ते फार हलकं होतं. ती दर वळणावर त्याला सांगत गेली, "बाबा, माझी पणजी त्या दिवशी पाळण्यात होती. तू पळालास म्हणून ती जगली, म्हणून मी आहे. पिढ्यानपिढ्या धोंडे खाल्लेस. चल आता घरी."

ती परतली तेव्हा दगड राहीच्या गळ्यापर्यंत आला होता. अमावास्या उद्यावर. राजवाडा दूर, आणि दगडाची सून पाठीवर कशी न्यायची? तेवढ्यात दाराशी बैलगाडी थांबली. गाडीवर भिका ढोलवाला.

"कोंडाबाई, गाडी आणलीय."

"तू? तुझा ढोल भिजवला मी."

भिका म्हणाला, "माझ्या थोरल्या बहिणीलाही बोलावणं आलं होतं. तेव्हा मी लहान होतो, आमच्या दारात दुसऱ्या कुणी ढोल वाजवला. मला फार वाटलं होतं, कुणीतरी घागर ओतावी." आणि त्यानं तोंड फिरवलं.

राहीला गाडीत उभी करून, दोरानं बांधून तिघं निघाली. वाटेत राही म्हणाली, "आत्याबाई, गचके फार बसतात."

"दगडाला कसले गचके? गप बस."

"गप बसायला उद्या वेळच वेळ आहे."

कोंडाबाईनं सुनेच्या गार पडलेल्या दगडी हातावर हात ठेवला, तो राजवाड्याच्या दारापर्यंत काढला नाही.

दरबार भरला होता. राजा तरुण होता, भला होता, पण थोरल्या महाराजांचा पणतू होता. कोंडाबाईनं टिटवीची साक्ष सांगितली आणि शेल्याची गाठ सोडली.

सेनापती वाकून बघत म्हणाला, "दात पाठीत आहे. म्हणजे पळपुटाच."

"पाठीतच असणार!" कोंडाबाई म्हणाली. "साप त्याच्या मागे होता, आणि गाव सापाच्या मागे. छाती दाखवायला म्हादू वळला असता, तर साप तिथंच थांबला असता, गावाच्या तोंडाशी. सेनापती, घाव कुठं लागला हे बघता, तो कुणासाठी लागला हे कधी बघाल?"



राजा म्हणाला, "बाई, आमच्याकडून काय हवं?"

"दोष कुणाचा, त्याचं नाव. तुमच्या तोंडून."

राजा उठला आणि म्हणाला, "दोष सापाचा."

काही झालं नाही. राहीच्या हनुवटीवर करडा रंग चढला.

"साप सापासारखा वागला," कोंडाबाई म्हणाली. "पुढचं बोला."

राजा म्हणाला, "दोष केसरदेवाचा. तो लपला."

लांब वेशीवर दगड कण्हला, त्याचं कण्हणं दरबारात ऐकू आलं. राहीचा खालचा ओठ दगड झाला.

"भिणं हा दोष नव्हे, महाराज. मी पालीला भिते. भ्यालो असं ज्यानं राजासमोर सांगितलं, तो निम्मा वीर तर होताच. त्याचं तोंड कुणी बांधलं?"

राजाचा चेहरा उतरला. त्या राज्यात थोरल्या महाराजांचं नाव कुणी घेत नसे. गादीवर बसताना ते नव्या राजाच्या कानात सांगत आणि तिथंच ते राहायचं. "वाडवडिलांचं नाव घेऊ नये," तो पुटपुटला. "आणि दोषाला जोडून तर नाहीच. सिंहासन मोडेल असं भाकीत आहे."

"बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण उखाण्यात घेतात. तुम्ही गद्यात घ्या. आणि सिंहासन मोडलं तर घोंगडीवर बसा. घोंगडीवर बसून काय न्याय होत नाही?"

राजा थांबला. राहीचे फक्त डोळे आणि वरचा ओठ उरले होते. कोंडाबाईचा आवाज एकदम खाली आला.

"महाराज, म्हादू पळाला तेव्हा त्याला ठाऊक होतं, लोक पाठीवर थुंकतील. तरी पळाला. तुम्हाला तर पळायचंही नाही. नुसतं बोलायचंय."

राजानं म्हादूच्या हाडांकडे पाहिलं. मग डोक्यावरचा मंदील काढून खाली ठेवला, पूर्वजांना हात जोडले, आणि नाव घेतलं.

ते नाव मागाहून ऐका. आधी काय झालं ते ऐका.

सिंहासनाचा पाय कडकन मोडला. राहीच्या ओठांवरून, गळ्यावरून, कमरेवरून दगड पापुद्र्यासारखा गळाला, आणि ती पहिलं वाक्य बोलली, "दोर किती आवळलात!" कोंडाबाईनं तिला एक चापट मारली आणि मग मिठी मारली, आणि मग सोडलीच नाही. राज्यभर दारोदार उभे असलेले, आजवर ज्यांना ज्यांना बोलावणं आलं ते सगळे दगड हलले, भूक लागली म्हणाले. भिकाची थोरली बहीण परत आली. ती आता त्याच्याहून धाकटी होती. तिनं त्याला आजोबा म्हणून वाकून नमस्कार केला, आणि भिका हसता हसता रडला.

वेशीवर केसरदेवाचा शेंदूर आपोआप गळून पडला. त्याला आता बाया गार पाणी घालतात, तेवढंच त्यानं मागितलं. म्हादूची हाडं त्याच्या दगडाखाली ठेवली. पाथरवट आला, म्हणाला, याला आता समोरून कोरतो, चेहरा देतो. कोंडाबाई म्हणाली, "हात लावू नको. आपण पाठ बघितली म्हणून जगलो. पाठीलाच तेल लावू." तेव्हापासून त्या राज्यात वीराच्या दिवशी कुणी तलवार नाचवत नाही. पोरं वेशीपासून दरीपर्यंत पळतात, आणि बाया पाठमोऱ्या दगडाला तेल लावून म्हणतात, "बाबा, आहोत." टिटवी ओरडली की त्या हात जोडतात.

सगळेच बदलले असं नाही. दोनचार म्हातारे अजून कुरकुरतात, काही झालं तरी पळालाच की तो. आणि उद्या कुणी आणखी वेगळं सांगेल, तेव्हा उद्याच्या बायांनी उद्या बघावं. कोंडाबाई आणि राही अजून मिठावरून भांडतात. राजा घोंगडीवर बसतो, न्याय बरा करतो.

आता ते नाव. त्या दिवशी उघड्या डोक्यानं उभं राहून, आवाज न कापू देता, राजा म्हणाला, "दोष सापाचा नाही, लपलेल्याचा नाही आणि पळालेल्याचा तर नाहीच. ज्यानं खरं ऐकलं आणि ते बांधून ठेवलं, त्याचा आहे. तो माझा पणजोबा. त्याचं नाव धवलसेन."